अक्काच्या पुढच्या खोलीची मोजणी

मोजणीवाल्यानं माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन तो बिचारा "सार, स्वल्प धरा" एवढंच म्हणाला. मी टेप धरला, त्याला कॉफी पाजली, आणि कुणी विचारलेलं नसताना आत जाऊन आमच्या घराचा जुना नकाशा आणून त्याच्यापुढे उलगडला.

हे घर माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. चिकपेटच्या जुन्या बाजारामागच्या गल्लीत आजोबांनी बांधलेलं. मी जयनगरला राहतो. अक्का इथं एकटी राहते आणि पुढच्या खोलीत बसून ब्लाउज शिवते. गल्ली रुंद करायची म्हणून पालिकेची माणसं मोजणीला येणार होती, आणि शिकलेला भाऊ जवळ असावा म्हणून तिनं मला बोलावून घेतलं होतं. ते 'शिकलेला' लक्षात ठेवा.

विम्याच्या ऑफिसात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, जगातली निम्मी भांडणं कागद नसल्यामुळे होतात. त्यात आम्ही या कन्नड शहरातले जुने मराठी. "मूळचे कुठले?" असं कुणी सहज विचारलं, तरी आम्ही तीन-चारशे वर्षं मागं जाऊन सुरुवात करतो. घरातली मराठी निम्मी कन्नड झालीय, पुण्याचे पाहुणे ऐकून गालात हसतात, पण आपण या गावात या रस्त्यांच्याही आधीपासून आहोत, हे सिद्ध करायची खाज काही जात नाही. त्या नकाशावर आमचं घर होतं आणि पुढची गल्ली नुसत्या पायवाटेएवढी होती. मोजणीवाल्याला ते दाखवायचा मोह मला आवरला नाही.

तो नकाशावर वाकला. "सार, दारापुढे हे काय?"

"ती जगली," मी उत्साहानं म्हणालो. "दगडी ओटा. पूर्वी उघडाच होता. मग आजोबांनी भिंती घालून त्याची खोली केली."

"म्हणजे तुमची हद्द इथपर्यंत?" त्यानं नकाशात ओट्यामागच्या दारावर बोट ठेवलं.

"बरोबर!"

तोंडी परीक्षेत पास झाल्यासारखा चेहरा केला असणार मी. तोपर्यंत त्यानं लाल खूण घराच्या पायरीवर केली होती. पायरी गेली असती, फार तर भिंतीचं प्लॅस्टर गेलं असतं. आता त्यानं रंगाचा डबा घेतलेल्या माणसाला आत बोलावलं आणि दुसरी खूण आतल्या दाराच्या चौकटीवर केली. अक्का या दोन खुणांच्या मध्ये मशीनवर बसली होती. तिनं पाय थांबवला.

"म्हणजे मी आता रस्त्यात बसलेय का रे?"

समोरच्या भांड्यांच्या दुकानदारानं लाइटबिल दाखवून भागवलं होतं. तो रस्ता ओलांडून आला, चौकटीवरची ओली खूण बघितली आणि मला हळूच म्हणाला, "अण्णा, कागद कुणी मागितला होता?"

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. आठ फुटांची खोली, रस्त्याकडे मोठी खिडकी. अक्काचा धंदा त्या खिडकीवर चालायचा. जाता-येता बाया थांबत, बाहेरूनच कापड आत देत, "अक्का, गळा स्वल्प खाली" म्हणत, आणि माप द्यायला आल्या की तासभर हलत नसत. कुणी घराची किल्ली ठेवून जाई, कुणी डबा. नव्यानं भाड्यानं आलेल्या बाईला दूधवाला, डॉक्टर, चांगला इलेक्ट्रिशियन हे सगळं त्या खिडकीत कळायचं. गुडघे गेल्यापासून अक्का कुठं जात नव्हती. गल्लीच तिच्याकडे येत होती.

आणि गल्ली रुंद व्हायला हवी हे मत माझंच, हेही कबूल करतो. जयनगरला चौकोनी ब्लॉक, झाडं, फूटपाथ अशा आखीव जागी राहून मी दर रविवारी जेवताना शहर कसं असावं यावर बोलत असे. त्या पेटेतल्या गल्ल्यांत अँब्युलन्स शिरत नाही, असं मी हात हलवून सांगत असे. ते खोटं नव्हतंच. आमच्या वडिलांना कोपऱ्यापर्यंत खुर्चीत बसवून न्यावं लागलं होतं. फक्त रुंदीकरणाचा विचार करताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दुसऱ्याचीच भिंत असायची.

मग मी पालिकेला अर्ज लिहिला. चार पानी. त्यात 'वारसा', 'उपजीविका', 'ज्येष्ठ नागरिक' असे शब्द होते. अक्कानं ऐकून घेतला आणि विचारलं, "यात मी ब्लाउज शिवते हे कुठंय?" ते 'उपजीविका'मध्ये होतं. "तसंच लिही की मग," ती म्हणाली. मी लिहिलं नाही. भाषा बिघडली असती.

सुनावणीला पालिकेतला अधिकारी अतिशय सौम्य माणूस निघाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फाइल माझ्याकडे फिरवली. आत माझ्याच नकाशाची फोटोप्रत होती, खाली मोजणीवाल्याची ओळ: घरमालकिणीच्या भावानं स्वतः दाखवलं.

"सार, तुमच्या गल्लीत एवढं स्वच्छ कागदपत्र फक्त तुमचंच," तो म्हणाला. "बाकीच्यांच्या बाबतीत आम्हाला पायरीच धरावी लागली. पुरावाच नाही."

घरी येऊन मी हे अक्काला सांगितलं तेव्हा ती चिडेल, रडेल, नकाशा फाडेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "कधी पाडणार?" मी तारीख सांगितली. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोटानं दिवस मोजले. "लग्नाचे अकरा ब्लाउज आहेत. सरी, चालेल. होतील." आणि ती कापायला बसली.

पाडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. मशीन आम्ही आधीच उचलून आत, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत नेलं होतं. तिथं दिवसाही दिवा लावावा लागतो.

आता गल्ली रुंद झाली आहे, म्हणजे आमच्या घरापुढे झाली आहे. शेजारच्या घरांपाशी ती पुन्हा आत सरकते. वरून पाहिलं तर रस्त्यानं नेमकं आमच्याच दारात पोट पुढे काढल्यासारखं दिसतं. त्या पोटात स्कूटर उभ्या असतात. अँब्युलन्स अजूनही कोपऱ्यावरच थांबेल. बाया थांबत नाहीत. उभं राहायला जागा नाही आणि आत अक्का आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. जुन्या बाया स्कूटरमधून वाट काढत दार वाजवतात, पण दार वाजवायचं म्हणजे काम असावं लागतं. नुसतं थांबायला कोण दार वाजवतं? महिन्याभरात शिवायचं कापड निम्म्यावर आलं. भांडीवाला सांगत होता, परवा नव्यानं राहायला आलेल्या एका बाईनं त्याच्याकडे विचारलं, या भागात शिंपीण कुठं मिळेल.

गेल्या रविवारी बायकोला घेऊन मेट्रोनं अक्काकडे गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो. जेवण झाल्यावर म्हणालो, "अक्का, तू जयनगरला चल. एक खोली तशीही रिकामी आहे. मोठी खिडकी आहे, समोर झाड आहे. मशीन तिथं लावू."

अक्का सुईत दोरा ओवत होती. दिव्याच्या उजेडात दोन वेळा चुकला.

"खिडकीखाली कोण जातं?"

"खाली... पार्किंग आहे."

"मग?"

मी खिडकी सोडली आणि म्हणालो, की अक्का, चूक माझी झाली, मी तो नकाशा दाखवायला नको होता. ती मान खाली घालूनच म्हणाली, "जाऊ दे रे." मी म्हणालो, "नाही, पण मी..." ती म्हणाली, "जाऊ दे म्हटलं ना." माझ्या बायकोनं माझ्याकडे बघितलं, उठली आणि अक्काच्या हातातली सुई घेऊन तिनं दोरा ओवून दिला.

परतताना मेट्रोत जागा मिळाली. मी म्हणालो, "अक्का यायला हवी होती. तिथं एकटी अंधारात काय करणार?"

"नाही आल्या ते बरं झालं," ती म्हणाली. "आपल्याकडे तुम्ही रोज त्यांची माफी मागत बसला असता, आणि त्यांना रोज 'जाऊ दे' म्हणावं लागलं असतं. मग त्यांनी शिवायचं कधी?"