दोनदा थोपटलं की सोडायचं

समजा, तुम्ही अरुंद जिना उतरताय. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात किल्ल्या. वळणावर कुणीतरी मनगट धरतं. कोणतं धरेल, किती जोरात, काहीच आधी ठरलेलं नाही. करा आता काय करायचं ते.

माझ्या आत्याचा क्लास असा सुरू व्हायचा. पहिल्याच दिवशी.

आत्या दिवसभर फर्निचरच्या दुकानात सोफ्यांना कापड चढवायची आणि संध्याकाळी त्याच दुकानाच्या माडीवर बायकांना स्वसंरक्षण शिकवायची. मॅट तिनेच उरलेल्या फोमच्या शिवलेल्या, वर लाल-हिरव्या रेक्झिनचे तुकडे. अजूनही नव्या फोमचा वास आला की मला ती माडी आठवते, आणि आत्याचं ओरडणं: "अगं, तिला सुटायला मदत काय करतेस? सहकार्य घरी करा, इथे अडवा!"

तरुणपणी ती एका नावाजलेल्या सरांकडे शिकली होती. तिथे रांगेत उभं राहायचं. एक म्हटलं की हात, दोन म्हटलं की पाय. "कित्येक वर्षं मी हवेला बडवलं," ती सांगायची. "हवेनं एकदाही उलटून मारलं नाही. मला वाटलं, मी फारच भारी आहे!" म्हणून तिच्याकडे ठरलेले डाव नव्हतेच. कधी जिन्यावर, कधी दोन सोफ्यांच्या फटीत, कधी जाड कोट घालून, सुटून दारापर्यंत पोचायचं. कसं, असं विचारलं की म्हणायची, "दार तिकडे आहे. बघ तू."

पक्का नियम एकच. दुखलं की जोडीदारणीला दोनदा थोपटायचं, आणि थोपटलं की तिने तत्क्षणी सोडायचं.

माझी आई तिची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. आई हॉस्पिटलात नर्स होती. एका दुपारी वॉर्डात पेशंटच्या दारू प्यायलेल्या भावाने औषधांच्या ट्रॉलीपाशी तिचा हात पिरगळला. आई सुटली, वर त्यालाच भिंतीशी दाबून धरलं. वॉचमन धावत येतच होता. तेवढ्यात त्या माणसाने धडपडताना तिच्या खांद्यावर दोनदा हात आपटला.

आईने सोडलं.

त्याने ट्रॉली तिच्या अंगावर लोटली. मनगट मोडलं.

आत्या भेटायला आली तेव्हा आई हसत होती. "वन्सं, अगदी तुम्ही शिकवलंत तस्संच केलं हो. शेवटपर्यंत!"

आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी माडीला कुलूप लागलं. बायका दुकानात चौकशीला यायच्या, तर ही तोंडात टाचण्या धरून नुसती मान हलवायची. बाबांना एवढंच म्हणाली, "दादा, सोडायला मीच शिकवलं रे तिला."

प्लास्टर निघायच्या आधीच आई दुकानात जाऊन उभी राहिली. "माडीची किल्ली द्या."

"वहिनी, आधी हात तर बरा होऊ दे."

"हात होईल. मला परत त्याच वॉर्डात जायचंय, आणि भीती वाटतेय मला. तुम्ही नाही शिकवणार तर कुठे जाऊ? त्या हवेवाल्या सरांकडे?"

आत्याला हसू फुटलं, टाचण्या सांडल्या. माडी उघडली.

थोपटणं बंद करता येत नव्हतं, नाहीतर बायकांचीच हाडं मोडली असती. मग आत्याने नियम वाढवला: थोपटलं की सोडायचंच, पण संपलं असं धरायचं नाही. सुटलेली बाई लगेच पुन्हा झडप घालू शकते. सोडणारीने हात वर ठेवून, तिच्यावरची नजर न काढता मागे सरकायचं. प्लास्टर निघाल्यावर आई मॅटवर उतरली. पहिल्या संध्याकाळी दर वेळी सोडून "लागलं का गं?" विचारायला वाकायची आणि दर वेळी आडवी व्हायची. माडी हसून बेजार. हळूहळू जमलं. पुढे आई त्याच वॉर्डातून रिटायर झाली.

आता त्या माडीवर खोकी रचलेली असतात. आत्याचे गुडघे गेलेत. मी यंत्रांची चाचणी घेण्याचं काम करते, कुठे काय बिघडेल ते आधी शोधायचं. त्यामुळे भेटले की ती मलाच धरते:

"ते थोपटणं निदान मनगट मोडलं म्हणून कळलं गं. तसं आणखी काय काय मी त्या बायकांच्या अंगात भिनवून ठेवलंय, जे मला अजून दिसलेलंच नाही?"