लाईट गेल्यावरचं चाक

धुळ्याच्या कॉलेजात काल प्रॅक्टिकलला भिंतीवरचं जड चाक फिरवलं. वजन खाली पडलं, दोरी सुटली, तरी चाक फिरतच राहिलं. ग्रीसचा वास आला आणि मला जामनेरजवळचा आमचा गोठा दिसला.

मी तेव्हा लहान होते. आई चारा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये कडबा सरकवत होती. लाईट गेली, मोटार गप्प झाली. "लाईट गयी ना, आते काय व्हई?" म्हणत आईनं अडकलेला कडबा काढायला हात पुढे केला. पाती बसवलेलं चाक मात्र हलकी घरघर करत फिरतच होतं. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला मागे ओढलं. पदराचं टोक तेवढं आत गेलं आणि त्याच्या चिंध्या झाल्या.

"लाईट नही, तरी भूक शे याले!" नाना म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

काल सर म्हणाले, ऊर्जा चाकात साठून राहते. मला ते हसू आठवलं. बाहेर येऊन मी घरी फोन लावला.

"आई, लाईट गेल्यावर मशीनमध्ये हात…"

"अजून ध्यानात शे तुले?" आई हसली. "आतेच लाईट गयी देख. थांब, अटकेल कडबा काढी लेस."

मोटारीचा आवाज नव्हता. तिच्या हसण्यामागे तीच घरघर होती.