एकोडीच्या मंडईतली हायड्रोजनची रेघ

लाखनीला एसटी थांबली तेव्हा मी रागाने नुसती धुमसत होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वंदना, खगोलशास्त्रातली माझी संशोधक विद्यार्थिनी, दिवाळीला म्हणून गावी, एकोडीला गेली ती परतलीच नाही. पुढच्या महिन्यात मोठी दुर्बीण निरीक्षणासाठी मोजक्या रात्री आमच्या वाट्याला यायची होती. तोवर ती आली नाही तर तिची जागा जाणार, शिक्षण तिथेच संपणार. घरात तिच्या लग्नाचं चाललंय असं कानावर आलं आणि मी पुण्याहून तडक निघाले, भांडायच्याच तयारीने.

स्टँडवरच्या विक्रेत्या बाईने उकडलेले शिंगाडे पानात बांधून दिले. घाईने सोलायला गेले आणि काटा बोटात!

"दमानं खा ना बाई, कोन हिसकून राहिलं?" असं म्हणत तिने उरलेले स्वतःच सोलून दिले.

साकोलीपर्यंत दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान आणि मधूनमधून तलाव. पुढे बैलगाडी. एकोडीत त्या दिवशी मंडई (दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा) होती. घरोघर पाहुणे; सोयरिकी जुळतात त्या याच दिवसांत. वंदनाचं घर विचारत अंगणात शिरले तर पाय धुवायला पाणी, बसायला खाट, समोर पोहे! म्हटलं, काय अगत्य आहे बाई!

वंदनाचे वडील गोविंदाजी, धानाचे शेतकरी, अदबीने म्हणाले, "पोरगा काय करते जी?"

"कोणता पोरगा?"

तेवढ्यात साडी नेसलेली वंदना चहाचा ट्रे घेऊन, मान खाली घालून आली. तिने वर पाहिलं आणि कप हिंदकळले. "मॅडम, तुम्ही?"

अंगणात एकच हशा. मुलाची आई यायची होती आणि सगळे मलाच ती समजले होते. एकटी बाई मंडईला येते ती आणखी कशाला!

गोविंदाजी ओशाळले. मी मात्र संधी सोडली नाही. "पाहायला बसवलंच आहे, तर विचारते. वंदना, दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट समूहात, कोणता वायू आहे, हे कसं ओळखायचं?"

ती घुटमळली. मग वडिलांकडे वळली. "बाबा, तापलेला वायू ठरावीक रंगातच चमकते. तो उजेड यंत्रानं फाकवला का रेघा दिसतेत. हायड्रोजनची येगळी, ऑक्सिजनची येगळी. दीर्घिका जितकी दूर, तितकी रेघ लाल रंगाकडं सरकते. लय दूरचा उजेड तर पृथ्वी नव्हती तवाचा हाये."

"मंग तो वायू आता हाये का तिथं?"

"मालूम नाही, बाबा. त्याचे तारे झाले असतीन. आमी त्याचा जुना उजेड पाहून राहिलो."

दारातून आई म्हणाली, "इतकं बोलते माही पोरगी?" वंदनाचे डोळे भरून आले.

गोविंदाजी उठून तिच्याजवळ आले. "त्या पाहुण्याइले निरोप देतो," म्हणाले, "पोरगी शिकून राहिली मनून. रडू नको व माय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. भांडायला आलेल्या बाईला या माणसांनी पोटभर जेवू घातलं, वर तिचं ऐकलंही.

सकाळी गोविंदाजी आम्हा दोघींना साकोलीला सोडायला आले. बस सुटताना त्यांनी नव्या तांदळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आभार मानायला तोंड उघडलं, तोवर बसने वेग घेतला.

काही वर्षांनी दीर्घिकांतल्या त्या वायूवरचा वंदनाचा आणि माझा शोधनिबंध छापायला गेला. शेवटी आभार मानायची रीत असते. दुर्बीण देणाऱ्यांच्याही आधी आम्ही गोविंदाजींचं नाव घातलं. संपादकांनी विचारलं, यांनी काय दिलं?

मी कळवलं, "यांनी मुलगी दिली."