सेव्ह म्हणजे सेव्ह

लिओनी व्हार्कोला किळस यायला निमित्त लागत नसे. होबार्ट शहरातल्या त्या सॉफ्टवेअर ऑफिसात तिची उभी हयात दुसऱ्यांनी केलेली घाण उपसण्यात गेली. सिंकमध्ये बुरशी धरलेले कॉफीचे मग पाहून ती नाक मुरडायची, तसंच कुणाचा आळशी कोड पाहूनही. आणि आळशी कोड म्हटला की डेझमंड. हा तिचा साहेब, हे आणखी एक दुर्दैव.

खालच्याच मजल्यावर गरजूंना स्वस्त घरं देणारी एक संस्था होती. त्या संस्थेची प्रतीक्षायादी लिओनीचं ऑफिस सांभाळे. डेटाबेसातला प्रत्येक अर्जदार प्रोग्रॅममध्ये एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा एक गठ्ठा, होऊन येई. तो सेव्ह झाला की इव्हेंट, म्हणजे एक इशारा, उठे: झालं सेव्ह, आता पुढचं करा. पुढचं काय, ते डेझमंडने एका ओळीत उरकलं होतं: घर मिळाल्याच्या अभिनंदनाचा संदेश पाठवा. त्याच्या मते घर मिळाल्याशिवाय कुणाची नोंद कोण कशाला उघडेल?

"अरे, आत नेमकं काय बदललं ते तरी आधी बघ," लिओनी म्हणाली होती.

"बाईसाहेब, सेव्ह म्हणजे सेव्ह. उगाच कीस पाडू नका."

मग एके दिवशी संस्थेतल्या कुणीतरी अँब्रोज टिलयार्ड या म्हाताऱ्याच्या आडनावातलं चुकलेलं अक्षर दुरुस्त केलं. सेव्ह केलं. संदेश गेला. म्हाताऱ्याने कॅरव्हान पार्कातली, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या तळावरची, आपली जागा सोडली, ती लगेच दुसऱ्याने घेतली, आणि आता तो दोन पिशव्या नि पिंजऱ्यातलं मांजर घेऊन खाली किल्लीची वाट बघत बसला होता.

लिओनी हे सांगायला गेली तेव्हा डेझमंड शिंपल्यांची करी भरलेलं पॅटिस हाणत होता. पिवळी करी हनुवटीवरून कीबोर्डवर ठिबकत होती. ती त्याने बोटाने पुसली आणि बोट चाटलं.

"होतं गं असं कधीकधी. माफीचा संदेश टाकू एक."

"त्याच्या तोंडावर सांगायची लाज वाटते ना? थू तुझ्या साहेबकीवर!" लिओनी म्हणाली. "मी जाते खाली. आणि मी येईपर्यंत तू कशालाही हात लावू नकोस. कळलं?"

"बरं बाई, जा."

खाली ती म्हाताऱ्याशेजारी बाकावर टेकली. लांबण लावली तर धीर सुटेल म्हणून तिने एका दमात सांगून टाकलं.

"आजोबा, तो संदेश चुकून आला. घर मिळालेलं नाही तुम्हाला."

टिलयार्डने पिंजऱ्याची कडी चाचपली.

"चुकून कसा येईल, पोरी? माझं नाव आहे त्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर लिहिलंय."

"हो, पण तेच तर..."

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. वर डेझमंडने म्हाताऱ्याच्या नोंदीत 'संदेश चुकून गेला' असा शेरा मारला होता आणि ती सेव्ह केली होती.

म्हाताऱ्याने फोन हातभर लांब धरून सावकाश वाचलं. त्याचा चेहरा उजळला.

"हे बघ, आत्ता आलाय! अभिनंदन म्हणतायत. तुला वरच्यांनी सांगितलं नसेल अजून." त्याने तिचा हात थोपटला. "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

लिओनीला ते सगळं आता पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागणार होतं.