फोनवरचा तो आणि बंद न होणारा लॅपटॉप

आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. वेल्ह्याच्या अलीकडे रस्त्याला लागून आमचं घर आणि घराच्या अंगालाच भाताची गिरणी. गिरणी वडिलांनी घातलेली. ते गेल्यावर मी चालवायला लागलो. घरात आई, मी आणि बायको.

बायको भोरची. लग्नाआधी ती पुण्यात हॉस्टेलवर राहायची आणि घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात कामाला जायची. लग्न ठरताना तिची एकच अट होती, काम सोडणार नाही. पानशेतच्या बाजूला पुण्याच्या लोकांचे बंगले उठत होते, ऑफिसला माणसं पुरत नव्हती, म्हणून त्यांनीच तिला घरी काम करायला लॅपटॉप दिला आणि वर दोन मोठे स्क्रीन. पोती ठेवायची कडेची खोली आम्ही रिकामी केली. एका स्क्रीनवर जागेची मोजणी, दुसऱ्यावर काढायचा नकाशा आणि लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर ऑफिसच्या सूचना. गिरणीवर भात घेऊन आलेल्या माणसाला चहाच्या निमित्तानं आत नेऊन मी ते मांडलेलं दाखवायचो. मला त्याचा अभिमान होता.

दिवाळीनंतर लॅपटॉपनं त्रास द्यायला सुरुवात केली. संध्याकाळी काम संपलं की ती तो बंद करायची. तिन्ही पडदे काळे व्हायचे, ती उठून चुलीपाशी यायची, आणि आत पुन्हा उजेड. लॅपटॉप आपला आपण चालू झालेला असायचा. शेवटी बटण दाबून धरून त्याचा जीव घ्यावा लागायचा. मग कामाच्या मध्येच तो विझून पुन्हा उठायला लागला. एकदा दुपारभर काढलेला नकाशा गेला. त्या रात्री ती जेवली नाही.

"करंट चढउतार व्हतोय," मी म्हणालो. "गिरणीची मोटार सुरू झाली की आपल्या घरातला बल्ब सुदिक मान टाकतो. त्योच घोळ हाय."

मला मनापासून वाटत होतं की तसंच असावं. मोटार, वायरी, फ्यूज ही माझी कामं. मी भोरला जाऊन स्टॅबिलायझर आणला. अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात नवं मीठ आणि कोळसा भरला. तिच्या खोलीला मीटरपासून वेगळी वायर ओढली. मी भिंतीला खिळे मारत असताना ती खाली उभी राहून मला क्लिपा देत होती. त्या दिवशी आम्ही दोघं खुशीत होतो.

संध्याकाळी तिनं लॅपटॉप बंद केला. आम्ही तिघं बघत उभे राहिलो. पडदे काळे झाले, आणि थोड्या वेळानं पुन्हा उजळले.

"भुताटकी हाय ही," आई म्हणाली आणि देवापाशी गेली.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी बंद ठेवून बघितलं. तरी तेच. मग बायको म्हणाली, "मी त्याला विचारते."

"कुणाला?"

"ऑफिसात आहे एक. कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. मला नकाशे काढायला त्यानंच शिकवलं."

दोन वर्षांत मी या माणसाबद्दल एक शब्द ऐकला नव्हता.

आमच्याकडे मोबाईल नवा आला होता, पण घरात रेंज नव्हती. घराच्या मागं खळं, खळ्याच्या कडेला फणस, आणि त्या फणसाखाली उभं राहिलं तरच बोलता यायचं. ती तिथं गेली. मी गिरणीच्या खिडकीतून बघत होतो. बोलणं मला सगळं ऐकू येत होतं.

"अरे, मी बोलतेय," ती म्हणाली. "ओळखलंस का?"

ते 'अरे' माझ्या छातीत बसलं. मला ती अहो म्हणायची. लग्नाआधी भेटलो तेव्हाही अहो, जेवायला वाढताना अहो, आजारपणात कपाळावर हात ठेवतानाही अहोच. मला ते आवडायचं. आमच्याकडे तसंच असतं. पण तिला कुणालातरी अरे म्हणताना ऐकलं तेव्हा कळलं, की ते मला कधी मिळालेलंच नाही. ती त्याला सगळं सांगत होती, मध्येच हसली. तसं हसू घरात मी ऐकलं नव्हतं. मी खिडकी लावून घेतली आणि मोटार सुरू केली, भरडायला काहीही नसताना.

पुढचे काही दिवस तिचं तेच चाललं. खळ्यावर जायचं, ऐकून घ्यायचं, आत येऊन करून बघायचं, परत खळ्यावर. लॅपटॉप उचलून खळ्यावर न्यावा, तर नुसत्या लॅपटॉपला काही होतच नव्हतं. दोन्ही स्क्रीन जोडले की मगच तो बिघडायचा. आणि स्क्रीन काही फणसाखाली नेता येत नव्हते.

"कोन हाय गं त्यो?" आईनं एकदा तिला विचारलं.

"ऑफिसातला आहे, आई."

"लगीन झालंय का त्याचं?"

"नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत राहिलो.

एका रविवारी ती फोन हातात घेऊन गिरणीत आली. "अहो, तुम्ही जरा खळ्यावर उभे राहता का? तो सांगेल ते मला सांगायचं, मी सांगेन ते त्याला. मी एकटी किती धावणार? इथून तिथं जाईपर्यंत पडद्यावरचं निघून जातं."

नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही. मी फणसाखाली जाऊन उभा राहिलो. ती आत, मागची खिडकी उघडी ठेवून. आई मधे, मागच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसली.

"दादा, नमस्कार," तो फोनवर म्हणाला. आवाज तरुण होता. "तिला सांगा, आधी दोन्ही स्क्रीनच्या वायरी काढ आणि बंद करून बघ."

तिला. काढ. बघ. मी ओरडून सांगितलं.

"बंद झाला नीट," आतून उत्तर आलं.

"आता एकच स्क्रीन लाव म्हणावं. लॅपटॉपच्या मूळच्या जागेत."

तिनं लावला. तेव्हाही नीट बंद झाला. लॅपटॉपला स्क्रीन लावायची मूळची जागा एकच होती; दुसरा स्क्रीन एका छोट्या डबीतून जोडलेला होता. डबीतला लावला की बंद केल्यावर लॅपटॉप पुन्हा उठत होता.

"म्हणजे स्क्रीन खराब असेल किंवा डबी," तो म्हणाला.

मी ते सांगायच्या आतच तिचा आवाज आला, "मी दोन्ही स्क्रीन अदलाबदल करून बघितले. दुसरा स्क्रीन डबीला लावला तरी तेच होतंय. म्हणजे स्क्रीन चांगले आहेत. दोष डबीकडेच."

मी ते त्याला सांगितलं. तो हसला. "बघा, हे तिला न सांगता सुचलं. तिला सांगा, एवढं डोकं आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुणाला नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, सांगितलं का?"

आई तांदळातून हात काढून माझ्याकडे बघत होती. मी मोठ्यानं म्हणालो, "एवढं डोकं आमच्या ऑफिसात दुसऱ्या कुनाला न्हाई, म्हणतोय."

ती खिडकीशी आली. "काय म्हणाला?"

तिला ऐकू गेलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी 'म्हणतोय' म्हणायचं राहून गेलं. ती हसली. समोर मी उभा होतो, त्यामुळं ते हसू मला मिळालं. दोन वर्षांत तिच्या कामाबद्दल मी चार लोकांना कौतुकानं सांगितलं होतं, पण तिला स्वतःला कधी काही म्हणालो नव्हतो. ते म्हणायला मला दुसऱ्या माणसाचे शब्द उसने घ्यावे लागले, याचा मला आणखीच राग आला. त्याचाच राग आला, माझा नाही.

पुढं त्यानं लॅपटॉपच्या सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढून टाकायला सांगितली. लॅपटॉप आतल्या आत अडखळला, की आपण होऊन पुन्हा सुरू व्हायचं, अशी त्याला आधीच सूचना दिलेली असते म्हणे. ती काढली की तो लगेच उठत नाही, कशाला अडखळला ते लिहून दाखवतो. तिनं खूण काढली, डबी जोडली आणि लॅपटॉप बंद केला.

"निळा पडदा आलाय," ती ओरडली. "खाली अक्षरं आहेत."

"वाचायला सांगा," तो म्हणाला. "एकेक."

ती एकेक इंग्रजी अक्षर सांगायला लागली आणि मी ते फोनमध्ये. मधेच ती गडबडली. "अरे थांब, चुकलं. पहिल्यापासून सांगते."

मी थांबलो. ते कुणाला होतं, मला आजही माहीत नाही. तिच्या डोक्यात फोनवरचा असेल, कारण उत्तर त्याच्याकडूनच यायचं होतं. पण थांबलो मी होतो.

"काय म्हणाली?" तो विचारत होता.

"थांब म्हणतीय," मी म्हणालो.

अक्षरं पूर्ण झाल्यावर त्यानं सांगितलं, की डबी चालवणारा जो प्रोग्राम लॅपटॉपमध्ये घातलाय तो जुना आहे, लॅपटॉप बंद होताना तोच पाय अडकवतोय. नवा घालावा लागेल. आमच्याकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून त्यानं सीडी करून वेल्ह्याच्या एसटीनं पाठवली. ती आणायला स्टँडवर मी गेलो. कंडक्टरनं पाकीट हातात दिलं. त्यावर तिचं माहेरचं नाव लिहिलं होतं, पूर्ण, सुंदर अक्षरात. लग्नपत्रिकेनंतर ते कुठं लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते पाकीट खिशात मला टोचत होतं.

तिनं जुना प्रोग्राम काढला, नवा घातला, दोन्ही स्क्रीन जोडून लॅपटॉप बंद केला. आम्ही वाट बघितली. आईनं वाट बघून भाकऱ्या थापायला घेतल्या. लॅपटॉप झोपलेलाच राहिला.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ओसरीवर बसलो. मी म्हणालो, "मला त्या मानसाचा लई राग येत व्हता."

"दिसत होतं," ती म्हणाली. "भरडायला काही नसताना गिरणी कोण चालवतं?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कुठं विचारलंत?" ती माझ्याकडे वळली. मग सरळ म्हणाली, "त्यानं मला लग्नाचं विचारलं होतं. तुमचं स्थळ येण्याच्या आधी. मी नाही म्हणाले."

इतके दिवस मी स्वतःलाच समजावत होतो, की आपण उगाच जळतोय.

"का न्हाई म्हणालीस?"

"त्याला मी ऑफिसातली आवडत होते. ऑफिसाबाहेर त्याच्याशी काय बोलायचं ते मला सुचायचं नाही." ती उठली, भांडी उचलली. "तुमच्याशी सुचतं, असं नाही. पण तुमच्याजवळ गप्प बसता येतं."

हे चांगलं की वाईट, याचा विचार मी बरेच दिवस केला. मत्सर काही गेला नाही, त्याला फक्त आता कारण मिळालं. पण एक गोष्ट मी सुरू केली. संध्याकाळी गिरणी झाडून काढली की तिच्या खोलीत जाऊन बसायचो आणि नकाशात काय काय आहे ते विचारायचो. सुरुवातीला ती कंटाळायची. नंतर जिना कुठं बरा दिसेल, असं मलाच विचारायला लागली.

उन्हाळ्याच्या तोंडावर तो आला. ऑफिसचं काम पानशेतला होतं, ते आटोपून नकाशांची सीडी न्यायला वाट वाकडी करून आला. उंच, चष्मा, खांद्याला पिशवी. आईसमोर तो बायकोला "अहो" म्हणाला, आणि तीही त्याला "तुम्ही चहा घेणार ना" म्हणाली. दोघंही अवघडलेले होते. ते बघून मला वाटलं होतं तसं बरं वाटलं नाही.

मी त्याला गिरणी दाखवायला नेलं. खरं तर त्याला घरातून बाहेर काढायचं होतं. पण त्यानं पट्टा कसा बसवतात, कोंडा वेगळा कसा पडतो, सगळं विचारलं, वाकून आत बघितलं, आणि चष्मा कोंड्यानं पांढरा करून घेतला. तो पुसायला मी माझा रुमाल दिला. माणूस मला आवडायला लागला होता, आणि ते मला आवडत नव्हतं.

शेवटच्या एसटीला मी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत आम्ही भाताच्या जातींबद्दल बोललो. तिच्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चढताना तो म्हणाला, "दादा, त्या डबीनं पुन्हा त्रास दिला तर फोन करा."

"करतो की," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा ती खोलीत स्क्रीनसमोर बसलेली होती. सकाळी द्यायचा एक नकाशा अजून पुरा व्हायचा होता. मान न वळवता तिनं विचारलं, "गेला?"

"गेला."

"बरं," ती म्हणाली, आणि बाजूची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली.