पर्मनंट होईपर्यंतचा चेंडू

चौक गावाच्या पुढे, जुन्या हायवेला लागून पत्र्याची पिंपं बनवणारा एक कारखाना होता. त्याच्या हँडबॉल संघाचा मी गोलकीपर. आजही हे सांगताना हँडबॉल म्हणजे काय ते आधी समजवावं लागतं: सात-सात जण, चेंडू हाताने फेकून गोल करायचा, आणि गोलापुढच्या रेषेच्या आत गोलकीपरशिवाय कुणी उभं राहायचं नाही. आमचा मुलूख कबड्डीचा. पण कबड्डीत मुंबईच्या मोठ्या कंपन्यांपुढे आमचा निभाव लागेना. हँडबॉल खेळणारे संघ थोडे, म्हणून कारखान्याच्या साहेबांनी कर्जत-खालापुरातले चांगले कबड्डीचे गडी गोळा केले आणि त्यांच्या हातात चेंडू दिला. खेळेल त्याला कारखान्यात काम. काही वर्षांतच ठाण्यापासून पुण्यापर्यंत जिंकलेल्या ढाली साहेबांच्या केबिनमध्ये टांगल्या गेल्या.

मी बी.कॉम. झालो होतो, घरातला पहिलाच. त्यामुळे ऑफिसात लागलो आणि लागलो तो पर्मनंटच. उंची होती म्हणून गोलात उभा राहिलो. संघात मला सगळे ‘बीकॉम’च म्हणत. संघाचा खरा आधार होता माझा चुलतभाऊ, आमचा दादा. सातवीनंतर त्याने शाळा सोडून नांगर धरला, म्हणून मी कर्जतच्या हायस्कुलात आणि पुढे कॉलेजात जाऊ शकलो. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. तो माझ्या आधीपासून कारखान्यात होता, पण टेंपररी. कायमचा हक्क सांगता येऊ नये म्हणून टेंपररी माणसाला अधूनमधून ‘ब्रेक’ देऊन घरी बसवत आणि मग पुन्हा नवा म्हणून घेत. खेळाडूंनाही तेच. साहेब म्हणायचे, “पर्मनंट झालेला माणूस पळत नाही.” कप्तान आणि आणखी दोघं-तिघं तेवढे हातापाया पडून पर्मनंट झाले होते.

दादाची पहिली पाळी प्रेस मशीनवर. ती सुटली की कारखान्यामागच्या मुरुमाच्या मैदानावर सराव, मग गावापर्यंत पायपीट, आणि भातलावणीच्या दिवसांत त्यावर शेतातला चिखल. त्याचा गुडघा सुजलेला असे. जेवता जेवता त्याला डुलकी लागे. वहिनी म्हणायची, “चेंडूच घ्या आता उशाला. भावजी, तुमी तरी सांगा त्यांना.”

“पर्मनंट होऊ दे गं,” दादा डोळे न उघडता म्हणे. “मंग हात लावायचा नाय चेंडूला.”

त्या वर्षी साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, “यंदा ठाण्याची फायनल जिंका. तुझं पक्कं करतो.”

फायनलला शेवटच्या मिनिटापर्यंत आम्ही एका गोलाने पुढे होतो. मग आमच्या एकाच्या हातून चेंडू निसटला आणि समोरच्यांचा एक लांब टांगांचा गडी तो घेऊन एकटाच माझ्यावर धावून आला. दादा मागून आला. आडवं यायला वेळ नव्हता. त्याने अंग झोकून दिलं आणि त्या गड्याचा घोटा धरला. कबड्डीत चढाईवाल्याने मधली रेघ गाठू नये म्हणून धरतात, तसा. एवढ्यावर थांबलं नाही. आडव्या पडलेल्या दादाने हाक मारली, “या रं, या!” आणि आमचे दोघं खरोखरच धावत येऊन त्या माणसाच्या कमरेला मिठी मारून बसले.

सगळं मैदान हसत होतं. पंचाने दादाला लाल कार्ड दाखवलं आणि पेनल्टी दिली. कप्तान ओरडला, “आरं, सोडा त्याला! काय हुतूतू लावलाय!” पेनल्टीचा चेंडू माझ्या गुडघ्याजवळून आत गेला. बरोबरी झाली, आणि जादा वेळेत आम्ही हरलो.

आम्ही टेंपोने परत निघालो. मग मागून आवाज आला, “दादा, पकड मातूर झ्याक झाली. गुन कुनी दिला नाय एवढंच.” सगळे हसले. दादाही हसला. नंतर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आता आजून एक वरीस खेळायचं रं. तवर गुडघा न्यायचा नाय मला.”

वर्षाची गोष्टच उरली नाही. महिन्याभरातच त्याला ब्रेक मिळाला. पुण्याच्या स्पर्धेला निघायच्या सकाळी टेंपो गेटवर लागला, तेव्हा दादा घरी होता. संघ टेंपोपाशी उभा राहिला, पण चढेना. साहेब बाहेर आले.

“हा संप म्हणायचा का?”

“नाय साहेब, नुस्ते उभे हाव,” कप्तान म्हणाला. “कबड्डीत आपला गडी बाद झाला, तर आपन गुन घेतला की तो परत आत येतो. आमी तसंच शिकलोय. त्याला आत घ्या, आमी बसतो.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “तू तरी शिकलेला आहेस.”

शिकलेला होतो म्हणूनच मला हलता येईना. मी बॅग खाली ठेवली आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. ऊन चढलं. पुण्याहून फोन आला, संघ निघाला का म्हणून. मग साहेब पुन्हा बाहेर आले आणि गेटवर सगळ्यांदेखत म्हणाले, “जा. परत याल तेव्हा तो पर्मनंट असेल.” पुण्यात आम्ही जिंकलो की हरलो हे मला आज आठवत नाही. दादाचं काम मात्र खरंच पक्कं झालं.

रुजू झाला त्या दिवशी त्याने बूट आणि जर्सी धुऊन आणून माझ्या टेबलावर ठेवली.

“बघायला तरी येशील ना?” मी विचारलं.

“बघायला पन नाय.”

पर्मनंट झालेला माणूस पळत नाही, हे साहेबांचं म्हणणं खरं ठरलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. संध्याकाळी मी सरावाला निघालो, तेव्हा पाळी सुटलेला दादा गोदामाच्या सावलीत पुठ्ठ्यावर आडवा झाला होता. तोंड उघडं, दोन्ही पाय लांब सोडलेले. मैदानावरून शिट्टी झाली. त्याला उठवायला कुणी गेलं नाही.