शुभेच्छुकांच्या रांगेत

आधी माफी मागतो. या विषयावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही, हे मला कळतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि आजवर लिहिलं ते फक्त परीक्षेच्या पेपरात. वर्णभेद हा शब्द मी शाळेच्या इतिहासात वाचला होता. तो दूरच्या देशांत होता आणि संपला, असं समजून पुढच्या धड्याकडे गेलो होतो. ज्याच्याबद्दल लिहितोय त्यानेच लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याला मराठी थोडंफार बोलता येतं, लिहिता येत नाही. आणि हे ज्यांनी वाचावं असं मला वाटतं, ते मराठीच वाचतात. म्हणून मी लिहितोय. कुठे चुकलं तर समजून घ्या.

सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला एका घरात मी भाड्याने राहतो. खालची खोली माझी. वर गच्चीलगतच्या खोलीत टांझानियाहून आलेला एक मुलगा राहायचा. कॉम्प्युटरमध्ये एमएस्सी करत होता. गल्लीत सगळे त्याला नायजेरियन म्हणायचे. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा, मग त्याने सोडून दिलं.

आमची ओळख पाण्यामुळे झाली. इथे नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा ज्याला आधी कळेल त्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी बादल्या, पिंपं घेऊन पळायचं, अशी रीत आहे. त्याची खोली टाकीजवळ, त्यामुळे पाइपाचा आवाज आधी त्याला यायचा. त्याला पहिलं मराठी आलं ते "पाणी आलं". नंतर "काकू, पिंप भरलं" हे आलं. मालकीणबाईंना त्याचं कौतुक होतं. तो ज्वारीच्या पिठाचं त्याच्या देशातल्या पद्धतीने घट्ट काहीतरी शिजवायचा. ते चाखून त्या म्हणाल्या, "ह्ये आंबील घट झाल्यावानीच लागतंय की. एवढ्या लांबनं येऊन आमचंच खातंय पोरगं."

आता आमच्याकडच्या वाढदिवसांबद्दल सांगायला हवं. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक भागाला एक दादा असतो. दादांचा वाढदिवस आला की चौकात फ्लेक्स लागतो. वर दादांचा मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. कुणी गॉगल लावून, कुणी मोबाईल कानाला धरून. त्या रांगेत येण्यासाठी पोरं महिनाभर आधीपासून धडपडतात. हे पूर्वीपासून आहे. अलीकडे त्यात व्हिडिओ आला. आफ्रिकेतली काही माणसं उघड्या अंगाने, एकसारख्या लाल चड्ड्या घालून ओळीने उभी राहतात. एकाच्या हातात पाटी असते, पाटीवर मराठीत दादांचं नाव. ती माणसं नाचत नाचत मराठीत शुभेच्छा ओरडतात. मागल्या वर्षी आमच्या मालकांच्या मंडळाने टेंभुर्णीच्या एका मोबाईल दुकानदारामार्फत असा व्हिडिओ मागवला होता. मोठ्या पडद्यावर लागला, तेव्हा अख्खा चौक हसला. मीही हसलो.

नंतर तो व्हिडिओ ग्रुपवर आला आणि मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. मग मागचं दिसायला लागलं. मागे एक दोरी होती आणि दोरीवर शाळेचे गणवेश वाळत होते. एक बाई बादली घेऊन मागून गेली, तिने नाचणाऱ्यांकडे बघितलंही नाही. मला प्रश्न पडायला लागले. ही शाळा कुठली? हे शब्द यांना कोण शिकवतं? दादा म्हणजे कोण, असं यांनी कुणाला विचारलं असेल का? व्हिडिओ संपल्यावर ते शर्ट घालून कुठे जात असतील? माझ्या मित्रांना विचारलं तर ते म्हणाले, "तुला काय करायचंय?" खरंच मला काही करायचं नव्हतं. नुसतं माहीत करून घ्यायचं होतं.

या वर्षी वाढदिवस जवळ आला तेव्हा मालकांनी मला ओट्यावर बोलावलं.

"तू इंग्लिश बोलतूस न्हवं त्याच्याशी?"

"थोडं थोडं, काका."

"मग इचार की त्याला. औंदा टेंभुर्णीवाल्याला कशाला सांगायचं? आपल्या घरातच हाय की. शर्ट काढायचा, पाटी धरायची, चार उड्या मारायच्या. धा मिन्टाचं काम."

"नाही म्हणाला तर?"

"न्हाई कशापायी म्हनंल? त्याला खोली कुनी दिली? समद्या गल्लीत कुनी देत न्हवतं."

हे खरं होतं. मालकांनीच दिली होती. आणि त्याचा भाडेकरार त्याच महिन्याच्या शेवटी संपत होता. त्याच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा मात्र पुढे होती. परदेशी विद्यार्थ्याला राहत्या पत्त्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाची सही लागते. म्हणजे खोली गेली तर पत्ता जाणार, पत्ता गेला तर कागद अडणार, आणि कागद अडले तर पदवीच अडायची. मालक हे बोलले नाहीत. पण आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

मी वर गेलो. आमचं बोलणं इंग्रजी आणि मराठी मिसळून चालायचं, इथे सगळं मराठीत देतो. मी आधी त्याला मागल्या वर्षीचा व्हिडिओ दाखवला. त्याने एकदा आवाजासकट पाहिला आणि एकदा आवाज बंद करून.

"हे कुठल्या देशाचे?" मी विचारलं. मला खूप दिवस विचारायचं होतं.

"मला कसं कळणार? ते तर मराठी बोलतायत."

मी हसलो. तोही हसला. मग त्याने विचारलं, "या दादांना मी कधी भेटलोय का?"

"नाही. मीही भेटलो नाही. पण मिरवणुकीत मी नाचणार आहे."

"शर्ट घालून?"

"घालून."

त्याने मोबाईल मला परत दिला. "नाही म्हटलं तर मालक रागावतील?"

"माहीत नाही."

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. रागाने नव्हे. सोमवारपर्यंत सांगतो म्हणाला.

मला एक गोष्ट समजत नव्हती. नाचायला त्याची ना नव्हती. गेल्या गणपतीत आमच्या गल्लीच्या लेझीम पथकात तो आपणहून आला होता. पंधरवडाभर सराव करून शेवटी आमच्यापेक्षा चांगलं खेळायला लागला होता. मग इथे काय अडतंय? रविवारी मी करकंबला घरी गेलो आणि जेवताना वडिलांना सगळं सांगितलं.

वडील म्हणाले, "तुजा आजा हलगी लई भारी वाजवायचा. ठावं हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं. आजोबांनी हलगी वाजवणं सोडलं, एवढंच ऐकलं होतं. आमच्या सगळ्या वस्तीनेच ते सोडलं होतं, बौद्ध झाल्यावर. मला वाटायचं, त्यांना ते आवडत नसणार.

"आवडायचं की," वडील म्हणाले. "जयंतीला घरात बसून मांडीवर बोटं वाजवायचा. पन गावातनं सांगावा आला की म्हनायचा, न्हाय. लगीन तुमचं, मयत तुमची, मी कशापायी? लोक म्हनायचे, आरं तुला येतंय की. त्यो म्हनायचा, येतंय म्हनून बलावत न्हाईत. मी कोन हाय त्ये ठावं हाय म्हनून बलावत्यात."

आई म्हणाली, "त्या पोराला जेवायला घेऊन यायचं हुतंस." मग विषय बदलला.

सोमवारी संध्याकाळी तो स्वतःच खाली आला. इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाला, शुभेच्छा द्यायला माझी हरकत नाही, पण इथले लोक देतात तशा देईन. चौकातल्या फ्लेक्सवर खाली रांग असते ना, तिथे माझा फोटो लावा. मी मोबाईल कानाला धरतो. गॉगल पण आहे माझ्याकडे.

मला हसू आलं, पण तो गंभीर होता. मी हे मालकांना सांगितलं. 

"फ्लेक्सवर? आरं, पोरं हसतील की."

"हसायलाच तर व्हिडिओ करायचा होता, काका."

"त्ये येगळं." पण वेगळं कसं, ते त्यांना सांगता येईना. खरं तर मलाही ते नीट सांगता आलं नसतं. तेवढ्यात मालकीणबाई आतून म्हणाल्या, "लावा की फोटू. तुमच्या त्या रांगंत कुनाला बगून हसाया येत न्हाय?"

मंडळाच्या पोरांना नवलच वाटलं. परदेशातला शुभेच्छुक जिल्ह्यात कुणाच्याच फ्लेक्सवर नव्हता. फोटो लागला. खालच्या रांगेत, डावीकडून शेवटी. निळा शर्ट, गॉगल, कानाला मोबाईल. मी त्याला चौकात नेऊन दाखवला. त्याने त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. तिने विचारलं म्हणे, तू निवडणुकीला उभा आहेस का?

दोन-तीन दिवस छान गेले. मग कुणीतरी फ्लेक्समधला त्याचा तेवढाच चेहरा कापून इन्स्टावर टाकला. त्यावर ढोलाचा आवाज जोडला होता. एका पेजवरून दुसऱ्या पेजवर, पंढरपूर, अकलूज, बार्शी असं करत ते सगळीकडे गेलं. खाली लोक लिहीत होते. टेंभुर्णीवाल्याचा माल चौकात उतरला. दादांनी आयात केली. रात्री गॉगलच दिसतो का. काहींनी नुसतं माकडाचं चित्र टाकलं होतं. आणि बऱ्याच जणांची तक्रार होती की हा ओरिजिनल वाटत नाही, याने शर्ट घातलाय.

मी सगळं वाचत बसलो. हे लिहिणारे कोण आहेत, हे मला बघायचं होतं. माकड टाकणाऱ्या एकाच्या पेजवर गेलो. तो अकलूजचा निघाला, माझ्याच वयाचा. आईबरोबरचा फोटो, रक्तदानाचा फोटो, मधूनमधून समतेवरचे सुविचार. त्याच्या बहिणीच्या साखरपुड्याचे फोटोही होते. त्यांतली सगळी माणसं फिल्टर लावून पिठासारखी पांढरी केलेली होती. तो स्वतः माझ्याएवढाच सावळा. मी त्याला मेसेज केला, तू हे का टाकलंस?

"मजा हो भावा," त्याचं उत्तर आलं. "तुला का लागलं? तुजा पावना हाय का त्यो?"

मी लिहिलं, "व्हय."

 मग "बरं, सॉरी" असं आलं, आणि ते माकड गेलं. बाकीची होतीच.

वर जाऊन बघितलं तर त्याने सगळं आधीच पाहिलेलं होतं. "फोटो चांगला आलाय," तो म्हणाला. मग माकडाकडे बोट करून म्हणाला, "बाकीचं मला तुझ्याकडून समजून घ्यावं लागतं. हे लागत नाही. कुठल्याही देशात गेलो तरी हे असंच असतं."

मंडळात चिडचिड झाली. दादांच्या वाढदिवसाचं हसं झालं, ही कल्पना कुणाची, अशी वरून विचारणा झाली. दादांच्या माणसांनी रातोरात फ्लेक्स उतरवला. मालकांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, करार वाढवणार नाही, त्याला तसं सांग.

"त्याचं काय चुकलं, काका?"

"मी कुटं म्हनतोय चुकलं? पन मला हितं राहायचंय."

मालकीणबाई त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत, मालकांशीही बोलल्या नसाव्यात. आतून नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

आम्ही दोघं खोल्या बघत फिरलो. हे काम मला नवीन नव्हतं. मी एकटा गेलो की लोक आधी आडनाव विचारतात, मग खोली आहे का नाही ते ठरतं. त्याच्याबरोबर फिरताना पाहिलं की त्याला तेवढंही विचारत नव्हते. दार उघडायचं, बघायचे आणि खोली गेली म्हणायचे. एका ठिकाणी म्हातारे गृहस्थ चांगलं बोलले, चहा दिला. शेवटी म्हणाले, "आम्हाला काही नाही हो, पण शेजारी बोलतात." आम्ही शेजारी विचारलं. तिथेही शेजारीच बोलत होते.

महिना संपला तेव्हा तो पुण्याला गेला, त्याच्या देशातल्या चारजणांच्या खोलीत. पत्ता बदलला म्हणून नोंदणीचे कागद पुन्हा फिरायला लागले. तोंडी परीक्षेच्या यादीत त्याचं नाव आलं नाही. मी मेसेज करत होतो. सुरुवातीला तो अंगठा पाठवायचा, मग तेही बंद झालं. नंतर माझ्या मेसेजसमोर एकच बरोबरची खूण राहायला लागली, पोचल्याची दुसरी येईना. मी त्याच्या विभागात जाऊन विचारलं. क्लार्क म्हणाले, "तो नायजेरियन?" मी म्हटलं, "टांझानिया." ते म्हणाले, "त्याची फाइल पेंडिंग आहे." परत गेलो, पेंडिंगच. कुठे अडलंय, ते कुणीच सांगत नव्हतं.

गेल्या आठवड्यात त्याचे गाइड सर मला जिन्यात भेटले. मला नावाने ओळखत नाहीत, पण मी सारखा येतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनीच थांबवलं. म्हणाले, त्याचे कागद शेवटी झाले. विभागाने तोंडी परीक्षा ऑनलाइन घेतली, पुण्यातूनच. बाहेरच्या परीक्षकांनी खूप प्रश्न विचारले, त्याने सगळ्यांची उत्तरं दिली. पास झाला. पदवीचं प्रमाणपत्र घ्यायला सोलापूरला येणार का, असं सरांनी विचारलं होतं. तो पोस्टाने पाठवा म्हणाला. रविवारी मुंबईहून तो त्याच्या घरी गेला.